तांबड्याचं बंद पडलेलं पोट

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मला एक वाईट खोड लागली होती. समोरच्याच्या ताटात काय आहे ते बघायचं आणि पोटात गेल्यावर त्याचं पुढं काय होतं, ते त्याला जेवता जेवताच सांगायचं. माझा विषय सूक्ष्मजीवशास्त्र. सत्तरच्या दशकातल्या सोलापुरात हा विषय घेतलेली मुलगी म्हणजे नातेवाइकांच्या लेखी 'जंतूंचं शिकणारी'. वर्गात आम्ही मुली तिघीच. शिकवणाऱ्या बाई मात्र अशा उत्साही, की आतड्यातल्या जिवाणूंबद्दल त्या माहेरच्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलायच्या. तो उत्साह मी घरी घेऊन यायची आणि सगळ्यांच्या जेवणावर सांडायची.

एकदा आईनं हुलग्याचं माडगं, म्हणजे हुलग्याच्या पिठाची पातळ कढी, केलं होतं. माझे वडील गिरणीत कारकून होते आणि माडग्याचे भक्त. त्यांनी तिसरी वाटी पुढं केली तशी मी सुरू झाले. म्हटलं, "हुलग्यात एक साखर असते. ती फोडायचं विकर माणसाच्या पोटात नसतंच. मग ती तशीच मोठ्या आतड्यात उतरते. तिथल्या जिवाणूंकडं ते विकर असतं. ते तिच्यावर तुटून पडतात, आणि त्यातून वायू होतो."

वडिलांनी वाटी खाली ठेवली. "म्हंजे पोटात जो गोंधळ चालतो, तो माझा न्हाई?"

"नाही. जिवाणूंचा."

"ऐकलंस का गं?" त्यांनी आईला हाक मारून सांगितलं, "मी निर्दोष हाय. कॉलेजात शाबीत झालंय."

"जेवताना आतड्याचं नाव काढायचं न्हाई माझ्या घरात," आई म्हणाली. "एवढी फी भरून पोरगी काय शिकली, तर बापाच्या पोटातला वारा."

विकर म्हणजे इंग्रजीतलं एन्झाइम. अन्नाचे सांधे सोडवणारी चीज, एवढं समजलं तरी पुरे. बाईंनी शिकवलेल्या गोष्टींपैकी एक मला फार आवडली होती. भाकरीतलं पीठ आणि कडब्याचं धाट, दोन्ही एकाच साखरेच्या लांबलचक माळा. फरक फक्त मणी एकमेकांना कसे जोडलेत त्याचा. पिठाचे सांधे सोडवणारी विकरं आपल्याकडं आहेत, कडब्याची नाहीत. गंमत म्हणजे बैलाकडंही नाहीत. पण त्याच्या पहिल्या मोठ्या पोटात जिवाणूंचं एक अख्खं गाव वस्तीला असतं आणि त्या गावाकडं ती असतात. बैल कडबा खातो तो या गावासाठी. गाव त्याचं जे करून देतं त्यावर बैल जगतो. मी हे आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती.

"म्हंजे भाकरी आणि कडबा एकच?"

"मुळात एकच."

"मग उद्यापासनं तू कडबाच खा. माझा ताप तरी वाचंल."

आमच्या गल्लीत गाडीवाले चाचा राहायचे. मालधक्क्यावर सुताच्या गाठी उतरल्या की त्या बैलगाडीत भरून हातमागवाल्यांच्या वस्तीत पोचवायच्या, हा त्यांचा धंदा. गल्लीच्या टोकाला त्यांचं घर आणि घराला चिकटून पत्र्याचा गोठा. माणसांशी ते मराठी बोलत आणि बैलांशी दखनी, कारण त्यांच्या मते बैलांना मराठीतले टोमणे कळत नव्हते. बैल दोन. एक तांबडा, एक पांढरा, आणि स्वभावानं एकाच गाडीला कसे जुंपले गेले याचं नवल वाटावं असे. तांबडा म्हणजे खादाड नंबर एक. कुणाच्याही दारात थांबून मान आत घालायचा, भाजीची देठं, शिळी भाकरी, केळ्याची सालं, जे मिळेल ते. सगळी गल्ली त्याच्यावर जीव टाकायची. पांढरा खिलार होता, शिंगं उंच, आणि तोरा त्याहून उंच. कडबा आणि पाणी सोडून तो कशालाच तोंड लावायचा नाही. कुणी लाडानं काही पुढं केलं तर फुस्सकन नाक उडवायचा. शेजारच्या तेलुगू मावशी त्याला 'जावई' म्हणायच्या.

दुष्काळात चाचांनी या दोघांना घेऊन छावणीत दिवस काढले होते. त्यामुळं जोडी अशी जमली होती, की पांढरा दुसऱ्या कुठल्याही बैलाबरोबर जूच घेत नसे. एकदा तांबड्याचा खूर दुखावला होता तेव्हा दुसऱ्याचा बैल आणून बघितला. पांढऱ्यानं गाडी भर रस्त्यात आडवी केली आणि तो उभा राहिला. चाचांचा रोजगार दोन बैलांवर नव्हता, त्या जोडीवर होता.

आमच्याकडं बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, ज्येष्ठी पौर्णिमेला. माझ्या आईचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, तिथं त्याला कारहुणवी म्हणतात. शहरात सगळ्यांच्या दारात बैल कुठून असणार? म्हणून आमच्या गल्लीचा रिवाज असा, की चाचांची जोडी सजवून दारोदार यायची, प्रत्येक घरची बाई पायावर पाणी घालायची, कुंकू लावायची आणि नैवेद्य भरवायची. चाचा स्वतः नमाज चुकवत नसत, पण त्या दिवशी शिंगं रंगवायला पहाटेच बसत. हा गल्लीनं आपल्याला दिलेला मान आहे असं ते समजत, आणि तो होताच.

आता यातली मेख अशी, की त्याच दिवशी वटपौर्णिमा. गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका उपाशी. बैलासाठी घरोघर पुरण घातलेलं, आणि करणारीला चाखायचीही सोय नाही. उपाशी बाईचा हात सैल सुटतो, हे मी तेव्हा पाहिलं. आपल्याला खाता येत नाही ते दुसऱ्याला पोटभर खाताना बघायचं, यात तिला काहीतरी मिळत असावं. एकेक पोळी द्यायच्या जागी तीन-तीन, वर तूप, वर गुळाचा खडा. तांबडा ना म्हणणाऱ्यातला नव्हता. पांढऱ्यानं पहिल्याच दारात नाक उडवलं. मावशींनी त्याच्यापुढं पोळी धरली तर ती त्यानं शिंगानं उडवली. त्या आपल्या भाषेत त्याला काय म्हणाल्या ते मला कळलं नाही, पण चाचांना कळलं असावं, ते खाली बघत होते.

आमचं दार शेवटून दुसरं. आमच्याकडं पुरणपोळी नव्हती. आई माहेरच्या रिवाजाप्रमाणं जोंधळ्याच्या घुगऱ्या करायची, म्हणजे अख्खी ज्वारी मऊ शिजवून गुळात घातलेली. मोठं पातेलं भरून. "दोघांना एकेक पसा घाल," ती मला म्हणाली, "बाकीचं गल्लीत वाटायचंय." आणि वडाला जायला उशीर होतोय म्हणून लुगडं बदलायला आत गेली. वडील चाचांना ओट्यावर बसवून चहा देत होते. मी पातेलं घेऊन जोडीपुढं उभी राहिले.

पांढऱ्यानं वास घेतला आणि तोंड फिरवलं. तांबड्यानं माझ्या ओंजळीतलं संपवलं, मग हात चाटला, मग सरळ पातेल्यात तोंड घातलं. त्याची खरखरीत जीभ मनगटाला लागायची आणि मला हसू फुटायचं. मी त्याला पांढऱ्याचा वाटा दिला. मग म्हटलं, थोडं अजून. मग पातेल्याचा तळ दिसला.

आई बाहेर आली आणि रिकामं पातेलं बघून तिनं विचारलं, "दोघांनी खाल्लं?"

"दोघांनी," मी म्हटलं. का, ते मला आजही सांगता येत नाही. वाटण्यासाठी काही उरलं नाही याबद्दल बोलणी खावी लागू नयेत, बहुतेक एवढंच.

आईचा चेहरा उजळला. सगळ्या गल्लीत पांढऱ्यानं कुणाच्या हातचं खाल्लं नव्हतं, आणि तिच्या घुगऱ्या खाल्ल्या! वडाला फेऱ्या घालताना ती गोष्ट तिनं किमान दहा जणींना सांगितली असेल. मावशी दोन दिवस आईशी तुटक बोलत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यातून चाचांचा आवाज आला. "उठ रे राजा. कायकू रूठा? उठ की." आवाज नेहमीचा नव्हता. आम्ही गेलो तर तांबडा बसून होता, मान लांब टाकलेली, डोळे आत गेलेले. डावी कूस फुगून घट्ट झाली होती. शेण पातळ आणि त्याला ताक नासल्यासारखा आंबट वास. शिंगांचा कालचा रंग तसाच लखलखीत होता, ते बघवत नव्हतं. रवंथ बंद. बैल बसला की त्याचं तोंड चालूच असतं, इतकं की ते चालतंय हे आपल्या लक्षातही येत नाही. ते थांबलेलं पहिल्यांदा बघितलं.

बायकांनी निदान केलं, दृष्ट लागली. कुणी मिरच्या ओवाळल्या, कुणी मीठ. वडील सायकल घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टर करकंबकडचे, बोलायला मोकळे. त्यांनी कुशीला कान लावला, मुठीनं दाबून बघितलं, शेण काडीनं चाळलं आणि विचारलं, "काल काय काय खाल्लं यानं?" घरोघरचा हिशोब सांगण्यात आला. ते ऐकत गेले आणि शेवटी म्हणाले, "दृष्ट न्हाई लागली. पुरणपोळी लागली."

मग त्यांनी सांगितलं ते मला पाठ होतं, वहीत लिहिलेलं होतं, खाली लाल रेघ मारलेली होती. एकदम एवढी साखर आणि पीठ पोटात गेलं, की ते खाणारे उतावळे जिवाणू माजतात आणि आम्ल करून सोडतात. कडबा पचवणारे सोशिक बिचारे त्या आम्लात मरून जातात. गाव ओस पडतं. मग बैलापुढं सोन्यासारखा कडबा टाकला तरी त्याला तो उपयोगाचा नाही, कारण पचवणारं कुणी उरलेलं नसतं. हे मला ठाऊक होतं. आदल्या दिवशी पातेलं धरून उभी होते तेव्हाही ठाऊक होतं. परीक्षेत विचारलं असतं तर पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की मी पुढं होऊन एक शब्द बोलले नाही.

डॉक्टरांनी खायचा सोडा पाण्यात कालवून बांबूच्या नळकांड्यानं पाजला, एक इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, "आम्ल उतरंल. पण पोट सुरू व्हायला पायजे. तीनचार दिवसांत रवंथ सुरू झाला तर बैल तुमचा. न्हाईतर..."

चाचांची गाडी दारातच उभी होती. पांढरा शेजारी बांधलेला, आपला कडबा खाऊन शांतपणे रवंथ करत होता. अधूनमधून तांबड्याची मान चाटायचा. मी कॉलेजातून आले की गोठ्यात जाऊन बसायची. तांबडा दुसऱ्या दिवशी उभा राहिला, पाणीही प्याला. कडबा पुढं केला की एखादी काडी तोंडात घ्यायचा आणि विसरल्यासारखा तशीच खाली सोडून द्यायचा. कूस उतरली होती पण आता ती खपाटीला गेली होती. चाचा त्याच्या कपाळावर हात ठेवून उभे असायचे. मला म्हणाले, "बेटी, ह्याच्याबिगर पांढरा जू घेणार न्हाई. आन ह्याच्याबिगर मी बी."

तिसऱ्या दिवशी मी बाईंना गाठलं. बैलाची गोष्ट सांगितली, कोणाच्या घरी काय खाल्लं ते वगळून. विचारलं, "जुने जिवाणू मेले असतील तर दुसरीकडून आणून घालता येतील?"

बाई खुर्चीतून उठल्याच. "अगं, रवंथ करणाऱ्या प्रत्येक बैलाच्या तोंडात ते आहेत की! रवंथाचा गोळा पोटातूनच वर येतो ना?"

मी धावतच जनावरांच्या दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांना मोठा शोध सांगितल्यासारखं हे सांगितलं. ते हसले. "मी आज संध्याकाळी त्याच्यासाठीच येणार व्हतो," म्हणाले. गोठ्यात येऊन चाचांना सांगितलं तर तेही हसले, तीन दिवसांत पहिल्यांदा. "ह्ये तर माझ्या बापाला बी ठाऊक व्हतं. चांगल्या बैलाच्या तोंडातनं गोळा काढायचा आन आजाऱ्याला पाजायचा. आमी म्हणलं, डॉक्टरची सुई चालू हाय, मधी आपलं कशाला." शोध माझा एकटीचाच होता, बाकी सगळ्यांना तो आधीपासून माहीत होता.

"बैल कुठला घ्यायचा?" संध्याकाळी डॉक्टर आले तेव्हा त्यांनी विचारलं. "गल्लीबाहेरच्या बैलांनी बी बेंदराला पोळ्याच खाल्ल्या असणार."

"पांढरा हाय की," चाचा म्हणाले. "एकाच दावणीचा. त्यानं कुणाच्या दारात तोंड उघडलं न्हाई."

एव्हाना गोठ्यापुढं निम्मी गल्ली जमली होती. आईही होती. ती पुढं आली आणि डॉक्टरांना म्हणाली, "न्हाई बरं का डॉक्टर. आमच्याकडं खाल्लंय त्यानं. घुगऱ्या. पातेलंभर खाल्ल्या दोघांनी."

डॉक्टर थांबले. "मग अवघड हाय. दिसतोय बरा, पण ह्याचं पोट बी आतनं आंबलेलं असलं तर तेच त्याला पाजल्यावर आगीत तेल. मी ती जोखीम घेत न्हाई. उद्या खेड्यावर पोळ्या न खाल्लेला बैल शोधू."

उद्या. मी तांबड्याकडं बघितलं. त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या आणि मागचे पाय थरथरत होते. मावशी आईकडं बघत होत्या. आई अजूनही जरा अभिमानानं उभी होती, तिच्या घुगऱ्यांचं महत्त्व आता डॉक्टरांपर्यंत पोचलं होतं. चाचा काहीच बोलत नव्हते. ते माझ्याकडं बघत होते. रागानं नाही, नुसतंच, गाडी पुढं जायची वाट बघत उभं राहावं तसं.

"पांढऱ्यानं खाल्लं नाही," मी म्हटलं.

"अगं, तूच तर..."

"मी खोटं बोलले, आई. त्यानं तोंड फिरवलं. सगळ्या घुगऱ्या मी तांबड्याला घातल्या. त्याचा वाटा, याचा वाटा, वाटायच्यासुद्धा."

मावशींनी पदर तोंडाला लावला, ते हसू होतं की आणखी काही, कळलं नाही. आईचा चेहरा मला बघवेना. ती फक्त "अय्यो" म्हणाली. वडील दाराशी उभे होते, ते म्हणाले, "म्हंजे या खेपेला जिवाणू निर्दोष. गोंधळ पोरीचा," आणि कुणीतरी हसलं. ते हसलं नसतं तर मी तिथून पळून गेले असते.

"चला मग," चाचा म्हणाले, "धरा."

पांढऱ्याच्या तोंडातून गोळा काढणं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. चाचांनी वेसण धरून मान उंच करायची, डॉक्टरांनी बाजूनं जीभ बाहेर ओढून धरायची म्हणजे तो दाढा मिटणार नाही, आणि तिसऱ्यानं गालाच्या आत हात घालायचा. चाचांचा पंजा जाड, डॉक्टरांचे दोन्ही हात गुंतलेले. "बारीक हात पायजे," डॉक्टर म्हणाले आणि मी बांगड्या काढून आईच्या हातात दिल्या. तिनं त्या घेतल्या, बोलली नाही.

पण आधी पांढऱ्यानं रवंथ करायला हवा होता, आणि तीस माणसं बघत असताना तो कशाला करतो? तो ताठ उभा राहिला, सगळ्यांकडं तुच्छतेनं बघत. अर्धा तास गेला. शेवटी डॉक्टरांनी सगळ्यांना हाकललं. मी आणि डॉक्टर कडब्याच्या गंजीमागं बसलो, चाचा त्याच्याजवळ नुसतेच दाव्याशी चाळा करत राहिले, जसं काही त्यांना त्याच्याशी कामच नाही. थोड्या वेळानं तो सैल झाला, बसला. मग त्याच्या गळ्यावरून खालून वर एक गोळा सरकताना मला स्पष्ट दिसला, आणि जबडा आडवा फिरायला लागला.

"आत्ता," चाचा हळूच म्हणाले.

पहिल्या वेळी मी हात घातला तोवर त्यानं गिळून टाकलं आणि माझ्या दंडाला लाळेचा लेप तेवढा मिळाला. दुसऱ्या वेळी त्यानं मला शिंगानं बाजूला सारलं, तेही सभ्यपणे. तिसऱ्या वेळी बोटांत काहीतरी आलं. गरम, ओलसर, हिरवट वासाचं, चिरलेल्या कडब्याचा लगदा. मी ते मुठीत घेऊन हात ओढला आणि ओरडले. बाहेर गल्लीत ते ऐकून लोकही ओरडले. अंधार पडेपर्यंत असे चार गोळे निघाले. कोमट पाण्यात कालवून, फडक्यानं गाळून, तेच बांबूचं नळकांडं. तांबड्यानं मुकाट्यानं गिळलं. त्यानं आयुष्यात कधी काही नाकारलंच नव्हतं.

चिमूटभर मी मागं ठेवलं होतं. दुसऱ्या सकाळी आणखी एक गोळा निघाला तेव्हा तोही त्यात घालून थर्मासमधून कॉलेजात नेलं. बाईंनी थेंब काचेवर ठेवला आणि सूक्ष्मदर्शकावरून बराच वेळ डोळा काढला नाही. मग मला दाखवलं. एवढी गर्दी, एवढी धावपळ, सगळे कामात. मी इतक्या वेळा ज्यांच्याबद्दल जेवणात बडबडले होते, त्यांना पहिल्यांदाच भेटत होते. थर्मास आमच्याकडं एकच होता, आईच्या लग्नात आलेला. त्यात पुन्हा कधी चहा भरला गेला नाही, आणि आई त्यावरून मला अनेक वर्षं बोलली.

तांबड्याला दोन दिवस तेच पाजलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गोठ्यात गेले तर चाचांनी ओठांवर बोट ठेवलं. तांबडा बसला होता. त्याच्यापुढची कडब्याची पेंढी अर्धी झाली होती. गळ्यावरून काहीतरी वर सरकलं आणि त्याचा जबडा फिरला, आडवा, एकदा, मग पुन्हा. चाचांनी मला हात धरून खाली बसवलं आणि त्याच्या डाव्या कुशीला माझा कान लावला. आतून लांबून ढग गडगडावेत तसा आवाज आला, थांबला, परत आला. मी रडायला लागले. चाचाही डोळे पुसत होते, आणि दोघंही एकमेकांकडं न बघता हसत होतो.

संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या प्रत्येक बाईनं येऊन तांबड्याच्या कुशीला कान लावला. मावशी दोनदा येऊन गेल्या. आईही आली, ऐकलं, आणि म्हणाली, "तुझ्या बापाचं बी अस्संच वाजतंय." त्यावरून मला कळलं की ती पुन्हा माझ्याशी बोलायला लागलीय.

सगळे गेल्यावर मी चाचांना म्हटलं, "चाचा, मी आधीच सांगायला पाहिजे होतं. तुम्हाला खूप राग आला असेल."

ते तांबड्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. "मला पैल्याच दिवशी कळलं व्हतं," म्हणाले.

"कसं?"

"त्याच्या शेणात अख्खा जोंधळा व्हता की, न पचलेला, ढिगानं. आन पांढऱ्याच्या शेणात एक दाणा न्हाई. गल्लीत जोंधळ्याच्या घुगऱ्या तुमच्याच घरी शिजत्यात."

तीन दिवस मी त्यांच्या शेजारी बसत होते, त्यांना धीर देत होते, आणि ते ऐकून घेत होते. "मग त्या दिवशी डॉक्टर पांढरा नको म्हणाले तेव्हा तुम्ही का नाही बोललात? तांबड्याच्या जिवाचा प्रश्न होता!"

"मी बोललो असतो तर तुझी आई सगळ्यांसमोर खोटी पडली असती, आन तू बी." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तू बोलणार हायस, ह्ये मला ठाऊक व्हतं."

"आणि नसते बोलले तर?"

चाचांनी जरा विचार केला. "मग अजून थोडा वेळ थांबलो असतो," ते म्हणाले, आणि उठून पांढऱ्यापुढं कडबा टाकायला गेले.